तेरेखोलच्या किल्ल्यातील दोन रात्री

किल्ला पाहावयास जाणे निराळे आणि किल्ल्यात वस्तीस जाणे निराळे. पहिली गोष्ट आम्ही आयुष्यात इतक्या वेळा केली आहे की तिचे आता काही नवल उरलेले नाही. बीदरचा किल्ला आमच्या भालकीपासून चाळीसेक किलोमीटरांवर. नोकरीच्या एवढ्या वर्षांत शाळेच्या किती सहली तेथे नेल्या याची मोजदाद नाही. मुलांची शिरगणती करीत आत शिरावयाचे, रंगीन महाल दाखवावयाचा, गावात महंमद गावानच्या १४७२ सालच्या मदरशासमोर उभे राहून "येथे विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय होती" हे वाक्य उच्चारावयाचे आणि दिवस मावळण्याच्या आत पुन्हा शिरगणती करीत गाडीत बसावयाचे. मावळतीनंतर ती वास्तू कशी दिसते हे आम्हांस ठाऊक नाही. आमच्या भालकीलाही किल्ला आहे, त्यात भालकेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या तटाच्या आसपास खेळून आम्ही लहानाचे मोठे झालो. पण तेथेही कधी रात्र काढल्याचे स्मरत नाही. किल्ला ही दिवसा पाहावयाची आणि रात्री टाळावयाची जागा, असाच आमचा समज होता.

तो समज २०१७ सालच्या दसऱ्याच्या सुट्टीत मोडला. आमचे धाकटे बंधू पुण्यास एका कारखान्यात इंजिनियर आहेत. त्यांचा एके दिवशी फोन आला, "अण्णा, तुम्ही आणि वहिनी कोल्हापूरपर्यंत या. तेथून आपण चौघे माझ्या गाडीने जाऊ. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल आहे, दोन रात्रींच्या खोल्या घेतल्या आहेत." आम्ही विचारले, "एकाएकी हे कशासाठी?" तेव्हा जरा थांबून ते म्हणाले, "घराचेही बोलू."

हे घर म्हणजे आमचे भालकीचे वडिलार्जित घर. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, दाराशी ढाळज, आत सोपा, देवघर आणि आता रिकामे पडलेले धान्याचे बळद. रस्ता रुंद झाला, घराची दर्शनी बाजू हमरस्त्यावर आली आणि तिला भाव आला. दुकानांचे गाळे काढण्यासाठी एक गिऱ्हाईक दोन वर्षे मागे लागले होते. बंधूंचे म्हणणे सरळ होते : ते काही परत यावयाचे नाहीत, आम्हीही निवृत्तीनंतर पुण्यासच जाणार, मग पावसाळ्यागणिक माळवदावर माती टाकीत कोण बसणार? संमतीचा कागद त्यांनी वकिलाकडून तयार करून आणला होता. तो गाडीच्या पुढच्या खणात आहे हे आम्हांस कोल्हापूर सोडल्यावर समजले. फक्त आमच्या सहीची जागा कोरी होती.

वाटेत एक गंमत घडली. कोल्हापुरातून महाराष्ट्राच्या सावंतवाडीस जावयाचे, पण कागल सोडताच आम्ही कर्नाटकात शिरलो. निपाणी आली. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड आणि आतून ऐकू येणारी बोली मराठी. आम्हांस वाटले, आपण भालकीच्याच बाजारात आहोत. अर्ध्या तासात पुन्हा महाराष्ट्र. आजऱ्यानंतर झाडी दाट होत गेली आणि आंबोलीच्या घाटात धुके इतके की बंधूंनी दिवे लावून गाडी हळूहळू उतरविली. आमच्या बीदरच्या माळावरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना एवढा हिरवेपणा सोसत नाही, सौ. तर डोळे मिटूनच बसल्या.

शिरोड्यास आम्ही मुद्दाम गाडी थांबवावयास सांगितली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे या गावी शाळेत शिकवीत होते. पुढे १९७४ सालच्या ज्ञानपीठाचा मान मिळविणारा हा लेखक आपल्या उमेदीच्या काळात एका आडगावच्या शाळेत मुलांच्या वह्या तपाशीत होता, ही गोष्ट आमच्यासारख्या शाळामास्तरास फार धीर देते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेही हेच शिरोडे. रस्त्यावरून मिठागरे दिसतात. बंधू घड्याळाकडे पाहत होते, म्हणून चहा घेऊन निघालो. रेडी गाव गेले, लोखंडाच्या खाणींची तांबडी माती गेली आणि एका वळणानंतर पाटी आली की आता गोवा लागला. ना नदी ओलांडली ना घाट. त्याच डोंगराच्या त्याच धारेवर राज्य बदलले. थोड्याच अंतरावर रस्ता एका दरवाजाशी संपला. तोच तेरेखोलचा किल्ला.

किल्ला लहान आहे. बीदरचा विस्तार डोळ्यांत घेऊन गेलेल्या माणसास तर प्रथम तो एखादा वाडाच वाटावा. कड्याच्या टोकावर तट, एका अंगास बुरूज, दरवाजातून आत गेले की अंगण आणि अंगणात सेंट अँथनीचे शुभ्र चर्च. चर्चच्या भोवती, तटाला पाठ लावून, एके काळच्या शिबंदीच्या जागी पाहुण्यांच्या खोल्या. खाली तेरेखोलची नदी समुद्रास मिळते, पलीकडे केरीची वाळू आणि तिच्यापुढे दृष्टी पोहोचेल तेथवर किनारा. आम्ही तटाच्या दगडावर हात ठेवला आणि ओळख पटली. तो जांभा होता. बीदरचा माळ जांभ्याचा, बीदरच्या किल्ल्याचे खंदक त्याच खडकात खोदलेले. कोकणात त्याला चिरा म्हणतात, उन्हावाऱ्यात राहिला की तो अधिक टणक होतो. सहाशे किलोमीटर येऊन आपल्याच मातीच्या दगडाला हात लागावा, याचे आम्हांस बरे वाटले.

खोल्या अवघ्या सात, आणि त्यांना आकडे नव्हते. आठवड्याच्या सात वारांची नावे होती. आमच्या वाट्याला शनिवार आला आणि बंधूंच्या वाट्याला गुरुवार. बंधू हसून म्हणाले, "अण्णा, पुण्यात राहायला गेलो तेव्हा पहिली खोली शनिवार पेठेत मिळाली होती, आता शनिवार तुम्ही घ्या." सौ. दर शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या. त्यांना हा योग शुभ वाटला. खोली उंच छताची, भिंती हातभर जाडीच्या, खिडकीशी बसावयास दगडी कट्टा. खिडकी उघडली की समुद्राचा आवाज आत येई आणि मिटली की एकदम थांबे. असा जाड भिंतीचा शांतपणा आम्ही पूर्वी एकाच जागी अनुभवला होता : आमच्या घराच्या देवघरात. हे मनात आले, परंतु आम्ही बोलून दाखविले नाही. तडजोडीच्या बैठकीत आपला मुद्दा आधी उघडा करू नये, एवढे व्यवहारज्ञान मुख्याध्यापकासही असते.

या जागेचा इतिहास वाचकांना थोडक्यात सांगितला पाहिजे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी हा किल्ला बांधला. नदीच्या मुखावर, येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवावयास. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने, जो पुढे मार्क्विस ऑफ अलोर्ना म्हणून ओळखला गेला, तो जिंकून घेतला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की त्या वेळी नदीपलीकडचा पेडणे महालही सावंतांचाच होता. तो पोर्तुगिजांकडे गेला १७८८ साली. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे हा किल्ला चहूंकडून परक्या मुलखाने वेढलेला एक ठिपका होता. पेडणे मिळाल्यावर दक्षिणेची बाजू जोडली गेली. परंतु नदी मध्येच राहिली. ठिपका उत्तर तीरावरच राहिला. १८३५ साली गोव्याच्या सत्तेवर आलेले पहिले गोमंतकीय, बर्नार्दो पेरेश द सिल्वा, काही दिवसांतच पदच्युत झाले, आणि त्यानंतरच्या यादवीत त्यांचा पक्ष घेणाऱ्या येथल्या शिबंदीचे शिरकाण झाले. ज्या अंगणात आम्ही चहा पीत होतो तेथे हे घडले असेल, या विचाराने चहा काही क्षण गोड लागला नाही.

मग १५ ऑगस्ट १९५४. गोवामुक्तीच्या सत्याग्रहींची एक तुकडी या किल्ल्यात शिरली, तिने तिरंगा चढविला आणि रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शिपायांनी त्यांना धरले. पुढच्याच वर्षीच्या सत्याग्रहात पनवेलचे हिरवे गुरुजी येथे हुतात्मे झाले. बाहेर लोक कशाकशासाठी या किल्ल्याचे नाव घेतात. आम्ही मात्र त्या नावापाशी पायताण काढून उभे राहिलो. 'गुरुजी' हा शब्द आम्हांस रोज शंभर वेळा ऐकू येतो. गाव सोडून, नदीकाठाने चालत, बंदुकीसमोर जाणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावलेला पाहिला की आपल्या हाक मारल्या जाण्याचा थोडा संकोच वाटतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी दीड वर्ष, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचे ठरविले आणि पोर्तुगिजांनी दोनशे वर्षांपूर्वी आखलेली रेघ जशीच्या तशी राहिली. म्हणून तेरेखोल गोव्यात, आणि त्याच्या शेजारचे रेडी महाराष्ट्रात.

हे सर्व आम्ही विस्ताराने का लिहीत आहोत, हे सीमाभागातील वाचकांना सांगावयास नको. आमचे भालकी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले : उदगीर, अहमदपूर, निलंगे तिकडे मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. आमचे वडील त्या दिवशी ज्या घरात निजले त्याच घरात दुसऱ्या दिवशी उठले. उर्दूतून शिकलेला, घरी मराठी पोथी वाचणारा आणि बाजारात कन्नड बोलणारा तो माणूस. त्यांच्या लहानपणी भालकीतच हिरेमठाच्या चन्नबसव पट्टद्देवरूंनी दारावर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकविण्याची शाळा चालविली होती. भाषा दडवून जतन करावी लागते तेव्हा तिला भिंतींचा आधार लागतो, हे आमच्या गावाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

पहिल्या रात्रीच्या जेवणाची हकीकत सांगतो. आम्ही शाकाहारी. त्यामुळे समुद्राकाठी असूनही आमच्यासाठी भात, डाळ, एक भाजी, पाव आणि सोलकढी. सौ. नी प्रवासासाठी घेतलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी काढली. वाढणारा तरुण कुतूहलाने थांबला. सौ. नी त्याच्या हातावर एक तुकडा ठेवला. तो खाऊन म्हणाला, "काकू, ही कुठची भाकरी?" आम्ही सांगितले, "कर्नाटकची. बीदर जिल्ह्यातली." त्यावर तो गोंधळला. "कर्नाटकचे? मग तुम्ही मराठी कसे बोलता, सर?"

हा प्रश्न आम्हांस जन्मभर विचारला जात आला आहे. पुण्याला विचारतात, बंगळूरला विचारतात, एकदा तर मराठीच्या एका परिसंवादात अध्यक्षांनी विचारला. आमची उत्तरे ठरलेली आहेत आणि ती देऊन आम्ही थकलो आहोत. पण त्या रात्री आम्ही त्यालाच विचारले, "तुम्ही गोव्याचे. मग नदीच्या या अंगाला कसे?"

तो हसला. म्हणाला, "आम्ही आधीपासून हंयच आहोत, सर." मग म्हणाला, घरी कोकणी, चौथीपर्यंत शाळा मराठी, कचेरीचे काम पणजीला आणि बाजार रेडी-शिरोड्याला. "पावसात फेरीबोट बंद झाली तर आमचो गोवा लांब जाता आणि महाराष्ट्र जवळ." असे सांगून तो ताटे उचलून निघून गेला. बंधू माझ्याकडे पाहत होते. त्यांनी काही म्हटले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून आम्ही तटावर येऊन बसलो. पलीकडे केरीच्या बाजूस दोन-चार दिवे, खाली लाटांचा आवाज. अंगणात चर्चचे दार बंद होते. संध्याकाळी आम्ही पाहिले होते की गावातील एक वृद्ध बाई पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढीत आल्या, बंद दारापाशी मेणबत्ती लावली, गुडघे टेकून काही पुटपुटल्या आणि आल्या वाटेने गेल्या. हॉटेलच्या नोकरांनी त्यांना ना थांबविले ना विचारले. ती मेणबत्ती केव्हाच विझली होती, पायरीवर मेणाचा थेंब तेवढा होता. किल्ला सावंतांचा, मग पोर्तुगिजांचा, मग सरकारचा, मग पाहुण्यांचा झाला. त्या बाईंच्या लेखी तो या सर्व काळात त्यांच्या देवाचे अंगणच असावा.

ज्यांनी हा किल्ला दोनशे वर्षे राखला त्या पोर्तुगिजांच्या देशात जुन्या वास्तूंत वस्तीगृहे चालविण्याची रीत आहे. त्यांना तेथे पौसादा म्हणतात. पहिला पौसादा १९४२ साली एल्वश या गावी निघाला, आणि एल्वश हेही स्पेनच्या सरहद्दीवरील तटबंदीचे गाव. पुढे ओबिदुश नावाच्या तटाच्या गावातील किल्ल्यातही तशी सोय झाली. स्पेनने हे त्याआधीच, १९२८ पासून, सुरू केले होते. इटलीत तर तटाच्या आत नांदती गावे किती आहेत! लुक्का शहराच्या तटावर लोक संध्याकाळी फिरावयास जातात. आपल्याकडे जुनी वास्तू म्हटली की दोनच गती आपण जाणतो : एक तर तिला कुलूप आणि निळी पाटी, नाही तर तिचे दगड नेऊन कुणाच्या तरी गोठ्याची भिंत. आमच्या गावच्या आणि भोवतालच्या खेड्यांतील कितीतरी गढ्यांची दुसरी गती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. लहानपणी ज्या बुरुजावर चढलो तो चाळिशीत जमीनदोस्त झालेला पाहिला. पाडला कुणीच नाही, राहणारे कुणी नव्हते एवढेच. पहिल्या वर्षी कौल सरकतो, दुसऱ्या वर्षी भिंतीत पिंपळ उगवतो, आणि पिंपळास कुणी हात लावीत नाही. तिसरी गतीही असते, हे तेरेखोलला आम्ही प्रथम पाहिले. तिच्यात काहीसे नाटकीपण आहे हे खरे. जेथे शिपाई वळकटी टाकून निजत तेथे गादीवर लोळताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे झाले. खोलीचे भाडे बंधूंनी भरले. आकडा त्यांनी सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. पण माळवदावर तण नव्हते, दारांना तेल होते आणि रात्री खिडकीत दिवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघेही फेरीबोटीने केरीस गेलो. वाळूवर हिंडलो, शहाळी प्यालो, सौ. आणि त्यांच्या जाऊबाई शंखशिंपले वेचीत लांब गेल्या. परत धक्क्यावर आलो तर बोट पलीकडच्या काठी स्वस्थ उभी. ओहोटी लागली होती. पाणी उतरले की बोट गाळात रुतते, म्हणून भरती येईतो ती सुटत नाही, असे धक्क्यावरच्या माणसाने सांगितले. समोर किल्ला, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ वाटणारा. आणि जावयास मार्ग नाही. गाडीही पलीकडे. रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा. दोन तास आम्ही दोघे भाऊ एका उलट्या होडीवर बसून राहिलो. आयुष्यात इतका वेळ आम्ही दोघेच, काही काम नसताना, केव्हा बसलो होतो ते आठवेना. बहुधा वडिलांच्या बाराव्यानंतर नाहीच.

बंधूंनी विषय काढला. "अण्णा, माझे पैशासाठी अडलेले नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"पण पावसात फोन आला की माझ्या छातीत धस्स होते. भिंत पडली, कुणाच्या अंगावर पडली, असे काही ऐकावे लागेल असे वाटते. तुम्ही तिथे, मी इथे. घर पडण्यापेक्षा विकलेले बरे नाही का?"

आम्ही त्यास काय उत्तर देणार? तो बोलत होता त्यात लोभ नव्हता, भीती होती. आणि ती खोटी नव्हती. आमच्या मनातले आम्ही तेव्हा प्रथमच बोलून दाखविले. आमच्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग दरसाल रोडावत चालले आहेत. जी मुले उरली आहेत ती बहुतेक भोवतालच्या खेड्यांची. दहावीच्या वर्षी त्यांतील पाच-सात जण संध्याकाळी आमच्या ढाळजेत अभ्यासास बसतात. घरी दिवा असतो पण जागा नसते. कुणी उशीर झाला तर सोप्यात निजतात. आम्ही म्हणालो, "घर विकले तर गाळे होतील, मला वाटा मिळेल आणि मी शाळेजवळ दोन खोल्या घेईन. त्या दोन खोल्यांना ढाळज नसेल."

तो पुष्कळ वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे तुम्ही मला कधी सांगितले नाही."

खरेच सांगितले नव्हते. पुण्याच्या माणसास भालकीचे काय सांगावयाचे, असा एक आडमुठेपणा आमच्या मनात होता. तो परमुलखात गेला आणि आम्ही गड राखून बसलो, असे आम्ही स्वतःशी घोकीत आलो होतो. वास्तविक तो गेला नव्हता. शिकला, नोकरी मिळाली तेथे राहिला. आमच्या गावी मराठीतून इंजिनियर होऊन परत येणाऱ्यास काम कोठे होते? हे सर्व त्या होडीवर आमच्या लक्षात आले, आणि आम्हांस थोडी लाज वाटली. तो पाच-सहा वर्षांचा असताना किल्ल्याच्या तटावरून पडला होता व आम्ही त्यास पाठीवर घेऊन घरी आणले होते. त्याने ती आठवण काढली. "तेव्हा ढाळजेतच झोपवले होते मला. वडिलांनी हळद लावली." आम्ही ते विसरून गेलो होतो.

भरती आली, बोट आली. पलीकडे जाताना चौघे कठड्याशी उभे होतो. सौ. च्या ओच्यात शिंपल्यांचा ढीग होता.

त्या संध्याकाळी आम्ही तेरेखोल गावात हिंडून आलो. थोडी घरे, काजूच्या बागा, आमराई. त्या सुमारास गावाची जमीन गोल्फच्या मैदानासाठी व मोठ्या हॉटेलासाठी जावी की नाही यावरून गावात तंटा झाला होता, प्रकरणे न्यायालयात गेली होती. एका ओसरीवर बसलेल्या गृहस्थांशी बोलणे निघाले. त्यांनी आम्हांस पाणी दिले, कोठले म्हणून विचारले, आणि जमिनीचे काय झाले असे आम्ही विचारताच हाताने समोरच्या काजूंकडे दाखवून म्हणाले, "आहेत अजून." बंधूंनी वहिनींकडे पाहिले. त्या हसू दाबीत होत्या. काल रात्रीपासून सर्वांचाच कट आपल्याविरुद्ध चालला आहे असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना वाढणाऱ्या त्या तरुणास सौ. नी उरलेल्या भाकऱ्या बांधून दिल्या. गाडी रेडीकडे वळली तेव्हा पुढच्या खणातील कागदाचे कुणीच नाव काढले नाही. कोल्हापूरला बसस्थानकावर सामान उतरविताना बंधूंनी तो कागद काढून आमच्या हाती दिला. "तुमच्याकडे ठेवा, अण्णा. सही करावीशी वाटली तर करा."

तो कागद अजून आमच्या ट्रंकेत आहे. तेव्हा सही केली नाही, नंतरही केली नाही. मात्र फाडलाही नाही, कारण त्यातील भीती खरी होती. पुढच्या उन्हाळ्यात बंधू दहा दिवसांची रजा काढून आले. माळवदाची जुनी माती उतरविली, सडलेल्या तुळया बदलल्या, पश्चिमेच्या भिंतीस दगडी टेकू दिला. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा आमचा. माती टाकावयास आता माणसे मिळत नाहीत, म्हणून ढाळजेत अभ्यासास बसणारी मुले पाट्या घेऊन शिडीवर चढली. गिऱ्हाईकाने आमचा नाद सोडून रस्त्यापलीकडची जागा घेतली. तेथे आता गाळे झाले आहेत आणि त्यांच्या दिव्यांचा उजेड रात्री आमच्या ढाळजेत पडतो.

यंदा आम्ही सेवेतून निवृत्त होऊ. बंधूंचा परवाच फोन आला होता. पुण्याचे त्यांचे घर लहान आहे, तरी आम्हां उभयतांसाठी एक खोली राखली आहे असे म्हणाले. आम्ही विचारले, "तिचा वार कोणता?" ते म्हणाले, "तुम्ही येऊन ठरवा." पावसाळ्याचे चार महिने तेथे आणि आठ महिने भालकीस, असा सध्या विचार आहे. पण पावसाळ्यातच माळवदाकडे कुणी पाहावयास हवे, असे सौ. चे म्हणणे आहे. तेव्हा ते अद्याप ठरावयाचे आहे.